पार्श्वभूमी: 'ड्रॅगन रोब' म्हणजे नेमकं काय?

चिनी सम्राटाचा म्हणून जो भरजरी रेशमी अंगरखा लिलावांत आणि संग्रहालयांत दिसतो, त्याला सरसकट 'ड्रॅगन रोब' म्हणतात. या एका नावाने फार गोंधळ केला आहे. चीनवर राज्य करणाऱ्या मांचू लोकांच्या चिंग दरबारात (१६४४-१९१२) सर्वांत मानाचा पोशाख होता 'छाओफू'. त्याला कमरेखाली चुण्यांचा घेर आणि खांद्यांवर पंखांसारखी पसरट कॉलर. मोठे राजविधी त्यातच होत. ड्रॅगन रोब म्हणतात तो 'जीफू', म्हणजे सणासमारंभाचा, एक पायरी खालचा पोशाख.

त्यावरचा प्राणीही एकच नाही. सम्राटाच्या अंगावर तो 'लुंग', अधिकाऱ्याच्या अंगावर 'मांग'. ढोबळ नियम असा की लुंगला पाच नखं, मांगला चार. पण पाच नखांचा मान बक्षीस म्हणूनही मिळे आणि १९व्या शतकात नियम सैल झाल्यावर तो कुणीही मिरवू लागलं. म्हणून नुसती नखं मोजून मालक ठरवणं चूक आहे. 'सम्राटाचा' म्हणून खपवले जाणारे बहुतेक अंगरखे अधिकाऱ्यांचेच असतात.

पोशाखाचे नियम पक्के झाले ते छियेनलुंग सम्राटाच्या काळात, १७५९च्या सचित्र संहितेत. त्यातला एक निर्णय आजही वादाचा आहे. सूर्य, चंद्र, तारे, डोंगर, पाणवनस्पती, कुऱ्हाड अशी बारा चिन्हं प्राचीन हान, म्हणजे मूळ चिनी, परंपरेतली. ती मांचू सम्राटाच्या अंगरख्यावर रीतसर आली. मांचू लोक अखेर चिनी झाले, याचा पुरावा म्हणून अनेक जण हेच दाखवतात.

मला हे पटत नाही. चित्रं घेतली, पण बेत, म्हणजे कपड्याची कापणी, घेतला नाही. हान दरबारी पोशाख ढगळ आणि रुंद बाह्यांचा. मांचूंचा घोडेस्वाराचा: बाही निमुळती, तिच्या टोकाला घोड्याच्या खुराच्या आकाराचा कफ, रिकिबीत पाय टाकता यावा म्हणून घेराला चिरा. सम्राटाच्या अंगरख्याला अशा चार, सामान्य अधिकाऱ्याच्या दोन. १६३६ सालीच तेव्हाच्या मांचू राजाने सरदारांना बजावलं होतं की रुंद बाह्या घातल्या तर ताटातलं मांससुद्धा दुसऱ्याने कापून द्यावं लागेल. १७५९च्या संहितेनेही हाच धागा धरला: आधीच्या ज्या परकीय राजवटींनी आपला पोशाख टाकला त्या बुडाल्या, म्हणून बेत बदलायचा नाही. इतकं स्पष्ट लिहून ठेवलेलं असताना नुसत्या चिन्हांवरून निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे.

सम्राटाच्या जीफूवर नऊ ड्रॅगन असत. समोरून पाहिलं तर पाच, मागून पाहिलं तरी पाचच, कारण खांद्यांवरचे दोन दोन्हीकडून दिसतात. नववा असतो आतल्या पदरावर, वरच्या पदराखाली झाकलेला. काचेच्या कपाटात तो दिसत नाही आणि बहुतेक ठिकाणी त्याचा उल्लेखही नसतो.

दरबारी पोशाखावर गळ्यात घालायची माळ १०८ मण्यांची, कारण तिचं मूळ बौद्ध जपमाळेत. दर २७ मण्यांनंतर एक मोठा मणी, शिवाय दहा-दहा मण्यांच्या तीन छोट्या सरी. पुरुषांच्या दोन सरी डावीकडे, स्त्रियांच्या उजवीकडे. मंचुरियातल्या नद्यांचे मोती सम्राटाच्या माळेत असत. छातीवरचे हुद्द्याचे चौकोन मात्र चिंगच्या आधीच्या मिंग राजवटीतले, १३९१ पासूनचे: मुलकी अधिकाऱ्याला पक्षी, लष्करी अधिकाऱ्याला पशू.

१९व्या शतकात पैसे मोजून हुद्दे मिळू लागले आणि हुद्द्यामागोमाग पोशाखही. अंगरख्याच्या तळाशी लाटांखाली तिरके पट्टे असतात. ते या काळात वर वर चढत गेले आणि ड्रॅगनची जागा आकसली. रासायनिक रंगांचे भडक जांभळे आले. काळ ओळखायला हे पट्टे आणि हे रंग नखांपेक्षा खूपच भरवशाचे.

राजवट संपल्यावर अंगरखे बाजारात आले. परदेशी घरांसाठी त्यातले कितीतरी कापून उशांचे अभ्रे, भिंतीवरचे पडदे केले गेले. कापणाऱ्यांना भरतकाम हवं होतं. खुराचे कफ आणि घेराच्या चिरा त्यांच्या काहीच कामाच्या नव्हत्या.