कोर्तेसला देव समजले म्हणून अझ्टेक हरले? नाही हो
स्पॅनिश सेनानी कोर्तेस पाच-सहाशे माणसं घेऊन मेक्सिकोत आला, तिथल्या अझ्टेकांना वाटलं केत्सालकोआत्ल देवच परत आला आणि साम्राज्य खलास, ही स्टोरी अजून फिरतेय. अहो, कोर्तेसच्या स्वतःच्या पत्रांत त्या देवाचं नावसुद्धा नाही, ही गोष्ट काही दशकांनी लिहिली गेली. आणि देव मानलं असतं तर जून १५२० ला स्पॅनिशांना अझ्टेकांच्या राजधानीतून, तेनोच्तित्लानमधून, रातोरात मार खात पळावं लागलं असतं का? खरी ताकद शेजारच्या त्लाश्काला राज्याच्या लोकांची, अझ्टेकांशी जुनं वैर, हजारोंनी लढायला आले. त्यात देवीच्या रोगाची साथ (देव नाही, देवी आली म्हणा), नवा राजा क्वित्लावाकपण तिनेच गेला. १५२१ च्या वेढ्यात शहराला गोडं पाणी आणणारा पाटच तोडला, शहराभोवतीच्या तळ्यात १३ जहाजं सोडली, तरी लोक अडीच महिने लढले, शहर पडलं १३ ऑगस्टला.