पोटाचा मुका मार आणि आतडे

सायकलवरून पडताना हँडलचे टोक मुलाच्या पोटात रुतते, बेंबीच्या वर रुपयाच्या नाण्याएवढा वळ उमटतो, रक्ताचा थेंबही दिसत नाही आणि ‘मुका मार आहे, उतरेल’ असे म्हणून घरचे त्याला झोपवतात. हा समज किती घातक आहे, ते आतड्याची रचना पाहिल्यावर कळते.

सुमारे 6 मीटर लांबीचे लहान आतडे मेसेंटरी नावाच्या पातळ पडद्याने पोटाच्या मागच्या भिंतीला जोडलेले असते. या पडद्याचे मूळ जेमतेम 15 सेंटिमीटरचे असते. साडीच्या निऱ्या वर चिमटीत धरल्या आणि खाली पसरू दिल्या, तशी त्याची घडण आहे, आणि आतड्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या याच निऱ्यांतून जातात. भरधाव वाहन आदळून एकदम थांबते तेव्हा आतड्याची मोकळी वेटोळी पुढे झेपावतात आणि जिथे आतडे जखडलेले आहे, तिथे ताण एकवटतो. पडदा आतड्याच्या कडेने उसवला तर आतडे अखंड राहते, पण त्याचा रक्तपुरवठा तुटतो. त्या दिवशी भोक नसतेच, काही तासांनी किंवा दिवसांनी तो भाग मरून फुटतो. हँडलच्या माराची तऱ्हा वेगळी आहे: वेटोळे कण्यावर चेपते, दोन्ही बाजूंनी कोंडलेल्या पोकळीत दाब चढतो आणि भिंत फाटते.

सोनोग्राफीत पोटात साचलेला द्रव दिसतो, पण तो कुठून आला हे बहुधा कळत नाही. सीटी स्कॅनमध्ये आतड्याबाहेर सुटलेली हवा, किंवा यकृत व प्लीहा शाबूत असूनही साचलेला द्रव दिसला, तर संशय बळावतो. मात्र सुरुवातीच्या तासांत हा स्कॅनही निर्दोष येऊ शकतो. म्हणूनच सर्जन रुग्णाला दाखल करून घेऊन, नाडी वाढते आहे का, पोट फळीसारखे कडक होते आहे का, हे पुन्हा पुन्हा तपासतात. सीट बेल्टचा वळ पोटावर उमटला असेल, तर ही दक्षता अधिकच हवी. 1962 मध्ये गॅरेट आणि ब्राउनस्टाइन यांनी या पट्ट्यामुळे होणाऱ्या दुखापतींचे वर्णन केले होते. पट्टा जीव वाचवतोच, फक्त तो पोटावर न बसता कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे.

अशा वेळी ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणे हा जिवाशी खेळ आहे. मार लागल्यावर पोट दुखत राहिले, उलटी झाली, तर काहीही खाऊ-पिऊ न घालता रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेत लहान भोक टाके घालून बंद करतात, मेलेला भाग कापून टोके जोडतात, आणि पोटात घाण पसरून रुग्ण खालावलेला असेल तर आतड्याचे तोंड काही काळ पोटावर काढून ठेवतात. एक भोक सापडले तरी सर्जन थांबत नाहीत. सगळे आतडे वीत-वीत हातात घेऊन, उलटून, मेसेंटरीच्या कडेला लपलेले दुसरे भोक शोधतात.