रेव्ह मॅचिंग आणि डबल क्लच: रेस तीच, पोहोचते वेगळीकडे

गिअर खाली घेताना मध्येच थोडी रेस द्यायची, एवढं दोन्हींत सारखं आहे. म्हणूनच ‘मी डबल क्लच मारतो’ म्हणणारा बरेचदा नुसतं रेव्ह मॅचिंग करत असतो. रेव्ह मॅचिंगमुळे गिअरबॉक्सचे सिंक्रो, म्हणजे गिअर अडकण्याआधी वेग जुळवणारे भाग, जास्त टिकतात, असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. तसं होत नाही. रेस देताना क्लचचं पेडल खाली आहे की वर, यावर सगळा फरक अवलंबून आहे आणि तो समजायला आधी गिअरबॉक्सच्या आत डोकवावं लागतं.

समजा गाडी चौथ्या गिअरमध्ये आहे आणि इंजिन २००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला २००० फेरे, फिरतंय. चौथ्याचं गुणोत्तर १.०, तिसऱ्याचं १.४ धरू. गाडीचा वेग तोच ठेवून तिसरा टाकायचा तर इंजिन २८०० वर यायला हवं. वरचे हे ८०० फेरे कुठून तरी आणावे लागतात. आता क्लच दाबला की इंजिन एकीकडे आणि गिअरबॉक्स दुसरीकडे, अशी फारकत होते. गिअरबॉक्सच्या बाजूला क्लच प्लेट, इनपुट शाफ्ट आणि त्याच्याशी कायम गुंतलेली चाकं राहतात. पलीकडचा आउटपुट शाफ्ट मात्र गाडीच्या चाकांना बांधलेला असतो, तो गाडीच्या वेगानेच फिरणार. म्हणजे जुळवाजुळव दोन ठिकाणी करायची आहे. इनपुट शाफ्टला २८०० वर न्यायचं, तेव्हा तिसरा गिअर आउटपुट शाफ्टच्या वेगाला येतो आणि त्यात अडकू शकतो. आणि इंजिनलाही २८०० वर न्यायचं, म्हणजे क्लच सोडताना झटका बसत नाही.

पहिलं काम सिंक्रो करतो. गिअरचा दांडा ढकलला की सिंक्रोची शंकूच्या आकाराची कडी, बऱ्याच गाड्यांत पितळेची, गिअरवर घासते, घर्षणाने त्याचा वेग सारखा करते आणि तोवर दात एकमेकांत शिरू देत नाही. इंजिन आणि त्याला जोडलेलं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, तेव्हा सुटलेलं असतं, म्हणूनच एवढीशी कडी हे काम पेलू शकते. दुसरं काम सिंक्रोच्या हातात नाही. ते एकतर चालक करतो, नाहीतर क्लच प्लेट घासून घेऊन करते.

रेव्ह मॅचिंग हे या दुसऱ्या कामासाठी आहे. क्लच दाबा, दांडा तिसऱ्यात न्या, क्लच खालीच असताना अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी मारावी तशी रेस द्या आणि काटा २८०० च्या किंचित वर गेला की क्लच सोडा. किंचित वर अशासाठी, की पेडल वर येईपर्यंत आरपीएम थोडा पडतोच. ही रेस दिली नाही तर इंजिनला वर खेचायचं काम गाडीच्या गतीवर पडतं. मग गाडी पुढे झुकते, मान हलते, क्लच प्लेट झिजते. ओल्या रस्त्यावर मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत तर तेवढ्या झटक्याने चाकं घसरू शकतात. पण या सगळ्यात क्लच दाबलेला होता, त्यामुळे रेस इंजिनपाशीच थांबली. इनपुट शाफ्टपर्यंत ती गेलीच नाही आणि सिंक्रोला नेहमीइतकंच राबावं लागलं.

डबल क्लचमध्ये ती रेस गिअरबॉक्सपर्यंत नेतात. क्लच दाबून न्यूट्रल, न्यूट्रलमध्ये असतानाच क्लच पूर्ण सोडायचा, मग रेस द्यायची. आता इंजिन आणि इनपुट शाफ्ट पुन्हा जोडलेले आहेत, त्यामुळे दोघेही एकदमच वर जातात. लगेच क्लच परत दाबायचा, दांडा तिसऱ्यात टाकायचा, क्लच सोडायचा. रेस नीट बेतली असेल तर सिंक्रोला करायला फारसं काही उरत नाही, आणि शेवटी क्लच सोडताना इंजिनही जवळपास योग्य वेगावर असतं. मधली पायरी गाळून न्यूट्रलमध्ये क्लच दाबूनच रेस दिली, तर पाय दोनदा हलला असेल, पण डबल क्लच झाला नाही.

कागदावर हे सगळं पटतं, हाताला कळायला मात्र एक प्रयोग करावा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये हळू जात असताना दुसरा टाका, पण दांडा मुठीत धरू नका, दोन बोटांनी हलकेच ओढा. दुसऱ्याच्या तोंडाशी तो क्षणभर अडतो, मऊसा प्रतिकार लागतो आणि मग आत सरकतो. तो अडखळा म्हणजे सिंक्रो काम करतोय. आता हेच क्लच खाली ठेवून, आधी रेस देऊन करा. अडखळा तसाच लागतो. मग डबल क्लच मारून करा. जमला तर दांडा न थांबता, जवळजवळ स्वतःच्या वजनाने आत पडतो. दोन पद्धतींतला फरक बोटांना यापेक्षा स्पष्ट कुठेच लागत नाही.

डबल क्लचचा जन्म अर्थातच गरजेपोटी झाला. सिंक्रो असलेला गिअरबॉक्स मोटारीत पहिल्यांदा कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणला. त्याआधी वेग चालकानेच जुळवायचा, नाहीतर दातांची करकर ऐकायची. त्यानंतरही कित्येक गाड्यांच्या पहिल्या गिअरला बरीच वर्षं सिंक्रो नव्हता, आणि १९५७ साली आलेल्या छोट्या फियाट ५०० च्या तर कुठल्याच गिअरला नव्हता. काही अवजड ट्रकचे गिअरबॉक्स आजही बिनसिंक्रोचे असतात. तिथे गिअर वर टाकतानाही डबल क्लच लागतो, फक्त त्यात रेस द्यायची नसते. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून आरपीएम पडेपर्यंत थांबायचं.

आजच्या सिंक्रोवाल्या गाडीत रोज डबल क्लच मारण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. पाय दुप्पट चालतो, क्लचच्या रिलीज बेअरिंगला काम वाढतं आणि सिंक्रो ज्यासाठी बसवला तेच आपण हाताने करत बसतो. मात्र काही ठिकाणी तो खरोखर उपयोगी पडतो. गाडी अजून सरकत असताना पहिला टाकायचा असेल तर पहिल्या-दुसऱ्यातला फरक मोठा असतो, सिंक्रोवर ताण येतो आणि दांडा हट्टाने आत जात नाही. तिथे डबल क्लच मारला की तो गुमान जातो. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो झिजून करकर करू लागला असेल, किंवा थंडीत गिअरबॉक्सचं तेल घट्ट झालं असेल, तेव्हाही तेच. रेव्ह मॅचिंगचं तसं नाही. घाट उतरताना इंजिन ब्रेकिंगसाठी गिअर कमी करा, ओव्हरटेकसाठी करा, वळणाआधी करा, ते दर वेळी कामाला येतं. एकच शिकायचं असेल तर हेच शिकावं.

या गोंधळात तिसरं नाव मिसळतं ते हील अँड टोचं. ती या दोघींच्या पंक्तीत बसणारी पद्धत नाही. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून ठेवायचा आणि त्याच पायाच्या कडेने किंवा टाचेने रेस द्यायची, एवढाच तो पायाचा डाव आहे. त्यातून रेव्ह मॅचिंगही साधता येतं आणि डबल क्लचही. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबले तर अ‍ॅक्सिलरेटर निकामी करणारी सोय काही नव्या गाड्यांत असते, तिथे हा डाव चालत नाही. काही गाड्या तर चालकाच्या वतीने स्वतःच रेस देतात. २००९ च्या निसान ३७०झेडमध्ये ही सोय आली: दांडा कुठे चाललाय हे सेन्सर ओळखतो आणि संगणक इंजिनचा आरपीएम तेवढा चढवतो. ते निव्वळ रेव्ह मॅचिंग असतं. क्लच त्या वेळी दाबलेलाच असतो आणि सिंक्रो आपलं काम नेहमीसारखं करत राहतो.

डिझेल इंजिनात दोन्ही पद्धती जरा संथपणे कराव्या लागतात. फ्लायव्हील जड, आरपीएम सावकाश चढतो आणि वरची मर्यादाही लवकर येते. म्हणून डिझेलवर टिचकीऐवजी पेडल क्षणभर धरून ठेवावं लागतं.

आणि चुकीचा गिअर पडला तर दोन्हींचा उपयोग शून्य. पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला आणि क्लच सोडला, की चाकं इंजिनला त्याच्या कमाल आरपीएमच्याही पलीकडे फिरवतात. आरपीएम मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर इंधन तोडतो, पण चाकांकडून येणारी गती तो रोखू शकत नाही. व्हॉल्व्ह वाकण्यापर्यंत मजल जाते. वेगात असताना दांडा अनपेक्षितपणे अडला तर आणखी जोर लावण्याआधी तो कुठल्या गिअरकडे चाललाय ते पाहावं, आणि क्लच तोवर खालीच ठेवावा.