पेनल्टी शूटआऊट : युवा फुटबॉलमधील खेळाडूंची पात्रता

बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटल्यास विजेता ठरवण्यासाठी पेनल्टी किक मारल्या जातात. त्यांत कोणी उतरायचे, कोणी बाहेर राहायचे आणि मध्येच कोणी जायबंदी झाल्यास काय करायचे, याविषयीचे नियम व ते राबवण्याची रीत या नोंदीत दिली आहे. ‘इफाब’ या नियमकर्त्या मंडळाने शूटआऊटची पद्धत १९७० मध्ये स्वीकारली. तिचे नियम खेळाच्या नियमावलीतील दहाव्या नियमात आहेत. मुलांच्या सामन्यांसाठी मैदान व गोलची मापे, चेंडू, सामन्याची वेळ आणि बदली खेळाडूंची पद्धत यांत फेरफार करण्याची मुभा इफाबने दिली आहे. शूटआऊटमधील पात्रता मात्र त्या मुभेत येत नाही. त्यामुळे स्पर्धेचा वेगळा लेखी नियम नसेल, तर बारा वर्षांखालील नऊ-नऊच्या सामन्यालाही मोठ्यांचाच नियम लागतो.

मुख्य कसोटी एकच आहे : सामना संपल्याची शिट्टी वाजली तेव्हा जे मैदानात होते, तेच पात्र. दुखापतीवर उपचार घेण्यासाठी किंवा बूट-मोजे नीट करण्यासाठी तात्पुरता बाहेर गेलेला खेळाडूही पात्र धरला जातो. तात्पुरत्या निलंबनाची पद्धत असलेल्या स्पर्धेत, शिक्षेची मिनिटे पुरी होण्याआधी सामना संपला, तर त्या मुलालाही शूटआऊटमध्ये भाग घेता येतो. लाल कार्ड मिळालेला अर्थातच बाद.

मुलांच्या फुटबॉलमध्ये घोळ होतो तो बहुधा इथेच. बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो, अशी बदल्यांची पद्धत अनेक युवा स्पर्धांत असते. सामनाभर मुले आत-बाहेर करत असल्याने ‘बाकावरचा कोणीही केव्हाही उतरू शकतो’ अशी प्रशिक्षकाची समजूत होते. ती अखेरच्या शिट्टीपर्यंतच खरी असते. बदलीसाठी खेळ थांबलेला हवा, पंचाची परवानगी हवी, आधी बाहेर जाणारा बाहेर गेला पाहिजे आणि मग येणाऱ्याने रेषा ओलांडून आत पाऊल टाकले पाहिजे. रेषेवर तयार उभ्या असलेल्या मुलाचे नाव शिट्टी वाजल्यावर यादीत येत नाही. म्हणून अनेक स्पर्धांप्रमाणे जादा वेळ नसेल, तर शेवटच्या चार-पाच मिनिटांतच प्रशिक्षकाने आपले किक मारणारे आत आहेत ना, हे पाहिले पाहिजे. चेंडू सलग खेळात राहिला तर शेवटच्या मिनिटाला बदली करण्याची संधीच मिळत नाही. २०१४ च्या विश्वचषकात कोस्टा रिकाविरुद्ध नेदरलँड्सने टिम क्रुल या गोलरक्षकाला जादा वेळेच्या अगदी अखेरीस उतरवले. त्याने दोन किक अडवल्या आणि संघ जिंकला. मात्र ती बदलीही शिट्टीच्या आधीच झाली होती.

दुसरा महत्त्वाचा भाग संख्या सारखी करण्याचा. एका संघाचे अकरा आणि दुसऱ्याचे दहा पात्र असतील, तर अकराच्या संघाने एकाला वगळायचे आणि त्याचे नाव व क्रमांक पंचाला कळवायचा. कोणाला वगळायचे हे संघ ठरवतो. बहुतेक प्रशिक्षक सर्वांत कच्चा किक मारणारा वगळतात, आणि लहान वयोगटात हे त्या मुलाला नीट सांगणे हे कामही त्यांचेच असते. वगळलेल्याने मैदानाबाहेर जायचे. शूटआऊट चालू असताना एखादा जखमी झाला किंवा त्याला लाल कार्ड मिळाले, तरी हाच नियम लागतो. ही तरतूद २०१६ पासूनची आहे. त्यामुळे डोक्याला मार लागलेल्या मुलाला ‘एक किक तर मारायची आहे’ म्हणून पुढे ढकलण्याचे काहीच कारण उरत नाही. तो बाहेर बसला तर समोरचा संघही एकाने कमी होतो. या नियमाचा गैरफायदाही घेता येतो. सात-सातच्या सामन्यात कच्च्या खेळाडूची ‘दुखापत’ दाखवली, तर पहिल्या पसंतीच्या मुलाची दुसरी पाळी एक किक आधी येते. पंचाने तिकडे लक्ष ठेवावे.

गोलरक्षकाला वेगळा न्याय आहे. तो खेळू शकत नसेल, तर संख्येसाठी वगळलेला खेळाडू त्याची जागा घेऊ शकतो. संघाच्या बदल्या शिल्लक असतील, तर यादीतला राखीव खेळाडूही येऊ शकतो. बदललेल्या गोलरक्षकाला पुन्हा भाग घेता येत नाही. त्याने आपली किक आधीच मारली असेल, तर नव्याला पुढचे आवर्तन, म्हणजे सर्वांची एकेक किक झाल्यानंतरची फेरी, सुरू होईपर्यंत किक नाही. मात्र गोलरक्षकाला लाल कार्ड मिळाले, तर त्याची जागा पात्र खेळाडूंपैकीच कोणी घ्यायची. राखीव चालत नाही. इतर खेळाडू जायबंदी झाल्यास त्याला बदली नाहीच. एखाद्या संघाचे सातपेक्षा कमी खेळाडू उरले, तरी शूटआऊट थांबवला जात नाही.

किकचा क्रम संघ ठरवतो. तो पंचाला आधी सांगावा लागत नाही. प्रत्येक पात्र खेळाडूची, गोलरक्षकाचीही, एक किक होईपर्यंत कोणालाही दुसरी मिळत नाही. दुसऱ्या आवर्तनात क्रम बदलला तरी चालतो. पाळी आली असताना मैदान सोडून गेलेला मुलगा वेळेत परतला नाही, तर त्याची किक हुकली असे धरतात. त्याच्यासाठी थांबायचे नाही. सामन्यातील पिवळे कार्ड शूटआऊटमध्ये पुढे धरले जात नाही, म्हणजे सामन्यात एक आणि इथे एक मिळाल्याने खेळाडू बाहेर जात नाही.

पंचाने नाणेफेकीपूर्वीच दोन्ही संघांच्या पात्र खेळाडूंचे क्रमांक कागदावर दोन रकान्यांत लिहून घ्यावेत आणि प्रत्येक किकनंतर त्या क्रमांकापुढे खूण करावी. नुसते गोल मोजले, तर सडन डेथमध्ये (पाच-पाच किकनंतरही बरोबरी राहिल्यास एकेका किकवर निकाल लावताना) आठव्या-नवव्या किकला कोण राहिले यावरून वाद होतो. किक मारणारा आणि दोन्ही गोलरक्षक सोडून बाकी सर्व मध्यवर्तुळात थांबतात. किक मारणाऱ्या संघाचा गोलरक्षक गोलरेषा व पेनल्टी क्षेत्राची रेषा जिथे मिळतात तिथे उभा राहतो. दुसरा सहायक पंच असेल तर त्याला वर्तुळाजवळ ठेवावे. प्रशिक्षक, पालक, राखीव मुले यांना मैदानात जागा नाही. हे सुरुवातीलाच केले नाही, तर वर्तुळातली डोकी मोजताच येत नाहीत. राखीव मुलांना वेगळ्या रंगाची बिब घालायला लावणे सोपे पडते.

सगळीकडे हाच नियम चालतो असे नाही. अमेरिकेतील हायस्कूल फुटबॉलच्या नियमपुस्तकात सुचवलेल्या पद्धतीनुसार, बाद न झालेल्या कोणत्याही पाच खेळाडूंची प्रशिक्षक निवड करतो, मग ते शेवटी मैदानात असोत वा बाकावर. तिथे क्लब आणि शाळा दोन्हींकडे खेळणाऱ्या मुलांचे पालक व प्रशिक्षक या दोन पद्धतींची सहज गल्लत करतात. स्पर्धेच्या पत्रकात शूटआऊटचे कलम वेगळे दिले आहे का, हे संघाने नावनोंदणीच्या वेळीच वाचावे.