गोचीडजन्य आजार: दवाखान्यातील डॉक्टर व कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणवर्ग

अंगावर गोचीड सापडली, गोल चट्टा उठला आणि निदान झाले, असे सहसा घडत नाही. बऱ्याच रुग्णांना चावा आठवतच नाही. गोचिडीचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते, चावताना दुखत नाही आणि जांघेत किंवा केसांत दडून बसते. म्हणून ‘गोचीड चावली का?’ एवढ्यावर आम्ही थांबू देत नाही. गेल्या महिन्याभरात जंगलात, उंच गवतात, गुरांत किंवा कुत्र्यांजवळ वावर झाला का, हे केसपेपरवर आलेच पाहिजे.

वर्गाचा निम्मा वेळ एकाच गोष्टीवर जातो: रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करणे. रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर या रिकेट्सिया जिवाणूमुळे होणाऱ्या आजारात पुरळ तापानंतर साधारण २ ते ४ दिवसांनी येते, काहींना येतच नाही. पहिल्या आठवड्यात अँटिबॉडी चाचणी बहुधा निगेटिव्हच येते. ती पाहून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक थांबवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. ताप आल्यापासून ५ दिवसांच्या आत औषध गेले पाहिजे. मोठ्यांना १०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, ४५ किलोखालील मुलांना किलोमागे २.२ मि.ग्रॅ., तेही दोनदा. ताप उतरल्यावर किमान ३ दिवस आणि एकूण निदान ५ ते ७ दिवस. आठ वर्षांखालच्या मुलाला दात पिवळे पडतील म्हणून हे औषध नाकारले जाते. ती भीती त्याच गटातल्या जुन्या टेट्रासायक्लिनची आहे. डॉक्सिसायक्लिनच्या छोट्या कोर्सने तसे होत असल्याचे दिसलेले नाही.

लाइम या गोचिडीतून येणाऱ्या जिवाणूजन्य आजाराचा चट्टा चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत उठतो, हळूहळू पसरतो आणि ५ सें.मी.च्या पुढे जातो. चावल्यावर दोन दिवसांतच उठणारी छोटी लाली म्हणजे लाइम नव्हे. पुस्तकातले ‘नेमबाजीचे वर्तुळ’ शोधत बसू नका, कित्येक चट्टे सरसकट लाल असतात. सावळ्या त्वचेवर तर ते जांभळट, मार लागल्यासारखे दिसतात, म्हणून वर्गातली निम्मी छायाचित्रे सावळ्या त्वचेची ठेवली आहेत.

तंत्रज्ञांचे वेगळे सत्र स्लाइडवर होते. गोचिडीतून येणाऱ्या बॅबेसिया या परजीवीची तांबड्या पेशीतील वलये मलेरियासारखीच दिसतात. फरक असा, की त्यांत तपकिरी रंगद्रव्य नसते आणि क्वचित चार परजीवी फुलीसारखे जुळलेले सापडतात. इथे डॉक्सिसायक्लिन चालत नाही. अॅटोव्हाक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिन द्यावे लागते.

गोचीड काढण्याचा सराव कृत्रिम त्वचेच्या पॅडवर प्रत्येकाकडून करून घेतो. ड्रेसिंगच्या ट्रेमधला जाड टोकाचा चिमटा नको, त्याने गोचिडीचे पोट दाबले जाते. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत पकडायचे आणि न पिळता, सावकाश सरळ वर ओढायचे. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर उकरू नका. तेल, रॉकेल, पेटती काडी काहीच नाही. क्रायमियन-काँगो या विषाणूजन्य तापाच्या भागात तर हातमोज्यांशिवाय गोचिडीला हात लावू नये, चिरडू तर नयेच.

नोंदणी करताना आपल्या भागात कोणते गोचीडजन्य आजार नोंदले गेले आहेत ते कळवा. जिथे लाइम नाही तिथे त्यावरचा तास आम्ही रिकेट्सियाला देतो.