दिसायला जुळे: ४४६ ची वॉकीटॉकी आणि हॅमचा हँडसेट

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत मोबाईलला रेंज दिसते, फोन मात्र लागत नाही. मग होम मैदानात पांगलेल्या घरच्यांसाठी वॉकीटॉकी घ्यावी, असं दरवर्षी कुणाला तरी सुचतं. यंदा भाच्याला सुचलं. ऑनलाइन मागवलेली जोडी दाखवत म्हणाला, "मामा, ५ वॅटची आहे, लायसन लागत नाही." मी सेट उलटा करून लेबल वाचलं: १३६-१७४, ४००-५२० मेगाहर्ट्झ. म्हणजे लायसन लागतंच.

काळी डबी, वर रबरी काडी, बाजूला दाबून बोलायचं बटण. विनापरवाना वॉकीटॉकी आणि हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, हँडसेट: दोन्हींत फरक दिसतच नाही. पण भारतात विनापरवाना चालते ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झची चिंचोळी पट्टी, सेट साधारण अर्ध्या वॅटचा. ही सूट २०१८ च्या नियमांतली. खोक्यावर हा आकडा नसेल तर घेऊ नका.

हॅमच्या हँडसेटला १४४-१४६ आणि ४३४-४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे मोकळे, पण परीक्षा देऊन दूरसंचार विभागाचा परवाना आणि व्हीयूने (VU) सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची स्वतःची ओळख, मिळाल्यावरच. वयाची अट १२ वर्षांची. आणि बोलणाऱ्या दोघांकडेही परवाना हवा, ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही.

आता वॅटचं खूळ. अर्ध्याचे ५ वॅट केले तरी अंतर दसपट होत नाही; मोकळ्या जागेतही जेमतेम तिप्पट, आणि पेठेतल्या भिंतींआड तेवढंही नाही. या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात, म्हणून खरी किंमत उंचीला. आपला मुलूख सपाट. दीड मीटरवर धरलेल्या सेटचं क्षितिज ५ किलोमीटर, तेच ९ मीटर उंच गच्चीवरून १२. परवाना मिळाला की दुसरा महागडा सेट घेऊ नका. ४९ सेंटिमीटरची एक तांब्याची तार उभी, तशाच चार खाली तिरप्या, मध्ये सॉकेट: १४५ मेगाहर्ट्झसाठी झकास अँटेना. अँटेनापासून सेटपर्यंतची केबल मात्र आखूड ठेवा; आरजी-५८ नावाच्या बारीक केबलच्या १० मीटरमध्ये ४३५ मेगाहर्ट्झवर जवळपास निम्मी ताकद वाटेतच जिरते.

भाच्याने जोडी परत पाठवली. स्वतः परीक्षेला बसायचं म्हणतोय. "आणि ताईला पण बसवणार का?" विचारलं, तर हसला आणि ४४६ ची जोडी शोधायला लागला.