हलकी एक-इंजिनी विमाने : अपघातांचा इतिहास आणि कारणे

एकच पिस्टन इंजिन, दोन ते सहा आसने आणि साधारण दोन टनांच्या आत वजन असलेली विमाने हलकी एक-इंजिनी विमाने म्हणून ओळखली जातात. सेसना १५२ व १७२, पायपर चेरोकी, बीचक्राफ्ट बोनान्झा, डायमंड डीए-४० ही त्यांपैकी प्रसिद्ध विमाने. व्यावसायिक वैमानिक होऊ इच्छिणारा विद्यार्थी आपले पहिले तास याच विमानांवर भरतो. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी एकूण २०० तासांचे उड्डाण लागते. त्यामुळे या विमानांच्या अपघातांचा इतिहास हा बऱ्याच अंशी शिकाऊ आणि हौशी वैमानिकांचा इतिहास आहे.

बेळगाव परिसराला ही विमाने परिचयाची आहेत. बेळगावच्या विमानतळाची, म्हणजे सांबऱ्याची, धावपट्टी १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटिश हवाई दलाने बांधली. तेथील भारतीय हवाई दलाच्या केंद्रात एअरमन आणि आता अग्निवीरवायू घडतात, मात्र वैमानिकांचे शिक्षण तेथे होत नाही. वैमानिकांचे शिक्षण बेळगावात आले ते नागरी प्रशिक्षण संस्थांमुळे. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण प्रशिक्षणासाठी देशातील पाच विमानतळ निवडले : बेळगाव, कलबुर्गी, जळगाव, खजुराहो आणि लीलाबारी. तेव्हापासून सांबरा, मुतगे, निलजी, बाळेकुंद्री, होन्निहाळ या गावांच्या शिवारांवर छोटी विमाने घिरट्या घालताना दिसतात.

३० मे २०२३ रोजी यांपैकी एक प्रशिक्षण विमान बिघाडामुळे होन्निहाळजवळच्या शेतात उतरवावे लागले. आतील दोघेही बचावले. ‘विमान कोसळले’ ही बातमी त्या दिवशी गावोगाव पसरली. खरे तर प्रशिक्षणात जे शिकवतात तेच तिथे घडले होते. या संपूर्ण विषयात हा फरक नीट समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे. इंजिन बंद पडले म्हणून विमान खाली पडत नाही. पंखांवरून पुरेशा वेगाने हवा वाहत असेपर्यंत ते तरंगत, उतरत पुढे जाते. सेसना १७२ इंजिनाविना सुमारे ६८ नॉट म्हणजे ताशी १२५ किलोमीटर वेगाने तरंगते आणि दर हजार फूट उंचीमागे अंदाजे पावणेतीन किलोमीटर अंतर कापते. जीव जातो तो बहुतेक वेळा नंतर, वैमानिकाने वेग गमावल्यावर.

स्टॉल आणि वळण

पंख हवेशी फार तिरका झाला की त्यावरचा प्रवाह तुटतो आणि उचल एकदम कमी होते. याला स्टॉल म्हणतात. उंचावर तो झाला तर नाक खाली करून काही शे फुटांत सावरता येते; झाडांच्या उंचीवर सावरायला जागाच उरत नाही. वळणात धोका वाढतो. उंची न गमावता ४५ अंश कलून वळले तर स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. म्हणजे सरळ उडताना जो वेग सुरक्षित, तोच वळणात कमी पडतो. त्यात पायातील रडर (शेपटीवरची उभी झडप वळवणारे पेडल) चुकीचे दाबले तर एक पंख आधी स्टॉल होऊन विमान गरगरत खाली जाते.

उड्डाणानंतर लगेच इंजिन थांबले की मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह होतो. जगभरातील अहवालांत ही चूक पुन्हा पुन्हा दिसते. धावपट्टीच्या रेषेत परत यायला १८० अंशांहून जास्त वळावे लागते, उंची भराभर जाते आणि जमीन जवळ येताना दिसली की हात आपोआप नाक वर ओढतो. म्हणून विद्यार्थ्याला शिकवतात की ठराविक उंचीच्या खाली इंजिन गेले तर समोरच, थोडे डावे-उजवे पाहून, उतरायचे. सांबऱ्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून उड्डाण शहराच्या बाजूला होते. त्या दिशेची वस्ती वर्षागणिक वाढते आहे आणि समोरची मोकळी जागा कमी होते आहे. याचा विचार नगररचनेत व्हायला हवा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

शेतात उतरताना

आणीबाणीत कुठले शिवार मिळेल हे बेळगाव भागात महिन्यावर ठरते. मे महिन्यात भाताची शेते रिकामी, नांगरलेली, टणक ढेकळांची असतात. विमान आदळते, चाके मोडतात, पण सहसा माणसे वाचतात. जुलैत तीच शेते लावणीच्या चिखलाने भरलेली असतात. पुढचे चाक चिखलात रुतले की विमान नाकावर उभे राहून उलटते. अशा वेळी आतील माणसे पट्ट्याला उलटी लटकलेली असतात आणि पंखांतील टाक्यांमधून इंधन ठिबकत असते. चिकोडी, अथणी, गोकाक भागातला ऊस वरून मऊ गालिच्यासारखा दिसतो. पण पुरुषभर उंचीच्या उसात चाके अडकली की विमान काही मीटरांत थांबते आणि तो झटका मान-पाठीवर येतो. खानापूरच्या बाजूला जंगल, तर सपाट माळावर बांध, विहिरी आणि विजेच्या तारा. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून तारा न शोधता खांबांची रांग शोधायला प्रशिक्षक सांगतात.

उतरण्याआधी इंधनाचा कॉक बंद करणे, वीज तोडणे आणि दरवाजे किंचित उघडे ठेवणे ही कामे तपासयादीत असतात. धक्क्याने चौकट वाकली तर दार आतून उघडत नाही, म्हणून शेवटची सूचना.

इंधन, पाणी आणि बर्फ

इंजिन थांबण्याच्या कारणांत यांत्रिक मोडतोड वाटते त्यापेक्षा कमी असते. पुष्कळदा इंधन संपलेले असते, चुकीच्या टाकीवर कॉक असतो किंवा इंधनात पाणी असते. सेसना १७२ च्या १९९६ नंतरच्या नमुन्यांत पाणी काढण्यासाठी तब्बल १३ छिद्रे आहेत : दोन्ही पंखांखाली पाच-पाच आणि पोटाखाली तीन. सकाळच्या पहिल्या उड्डाणाआधी विद्यार्थी प्रत्येक ठिकाणाहून पारदर्शक कपात थोडे इंधन काढतो. विमानाचे १००एलएल पेट्रोल फिकट निळे असते. पाणी जड, ते तळाशी थेंबासारखे बसते. पण कपात सगळेच पाणी आले तर तळाशी वेगळी रेषा दिसत नाही आणि घाईतला डोळा फसतो. म्हणून कप आकाशाकडे धरून निळा रंग आहे ना, हे पाहायचे. पावसाळी रात्र उघड्यावर काढलेल्या विमानाला ही तपासणी टाळता येत नाही.

कार्ब्युरेटरमधील (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातील) बर्फ हे आपल्याकडे कमी समजलेले कारण. बर्फ म्हटले की हिमालय आठवतो. प्रत्यक्षात कार्ब्युरेटरच्या अरुंद नळीत हवा पसरताना आणि पेट्रोलचे बाष्पीभवन होताना तापमान वीस अंशांहून अधिक घसरू शकते. बाहेर २० ते २४ अंश आणि हवा ओलीचिंब, म्हणजे बेळगावचा जुलै-ऑगस्ट, या बर्फाला अतिशय अनुकूल. विशेषतः उतरताना, थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) मिटलेला असताना. इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होतात. गरम हवेचा खटका ओढला की आधी ते आणखी घसरतात आणि इंजिन खडखडते, कारण वितळलेले पाणी सिलिंडरमध्ये जाते. घाबरलेला शिकाऊ वैमानिक इथेच खटका परत ढकलतो आणि बर्फ पुन्हा धरतो. थोडा वेळ ती खडखड सोसली तर इंजिन पूर्ववत होते. इंधन थेट फवारणाऱ्या इंजिनांत हा धोका जवळजवळ नसतो.

उन्हाळ्यातील विरळ हवा

सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटर, म्हणजे जवळजवळ २,५०० फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ३६ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी साडेपाच हजार फुटांवर असते. इंजिनाला कमी हवा, पंखाला कमी आधार. २,३०० मीटरची धावपट्टी लहान विमानाला भरपूर असल्यामुळे ही कमतरता जमिनीवर जाणवत नाही, ती चढण्यात जाणवते. दोन माणसे, भरलेल्या टाक्या आणि पुढे उंच जमीन असा मेळ बसला की वैमानिक नाक वर ओढतो आणि पुन्हा स्टॉलपाशी येतो. याच महिन्यांत दुपारनंतर वळीव येतो. त्याच्या आधी सुटणारा वारा काही मिनिटांत दिशा पालटतो. अशा वेळी उतरणे टाळून वळीव जाऊ देणे हाच उपाय आहे.

ढग

ढगात शिरल्यावर कानातील तोलाची जाणीव फसवते. १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांची चाचणी झाली. सर्वांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. १९ जण वाढत्या वेगाच्या सर्पिल वळणात गेले. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी गायक बडी हॉलीला नेणारी बोनान्झा आयोवा राज्यात रात्री, हिमवर्षावात पडली. तिचा वैमानिक उपकरणांवर उडण्यास पात्र नव्हता आणि त्या विमानातील तोलदर्शक उपकरण नेहमीच्या उलट पद्धतीने कल दाखवणारे होते. मुष्टियोद्धा रॉकी मार्सियानो १९६९ मध्ये सेसना १७२ मध्ये अशाच परिस्थितीत गेला, तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा जॉन एफ. केनेडी धाकटा १६ जुलै १९९९ च्या रात्री समुद्रावर पायपर साराटोगासह. हवामानाशी संबंधित अपघात संख्येने थोडे, पण त्यांत वाचणारे फारच कमी.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या सह्याद्रीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर ढग डोंगराला टेकलेले असतात. बेळगावात ढगांचे छत उंच आणि घाटमाथ्यावर ते जमिनीला टेकलेले, असे एकाच सकाळी असते. पश्चिमेकडे जाणाऱ्या छोट्या विमानाने सांबऱ्याच्या आकाशावरून घाटाचा अंदाज बांधू नये.

रचनेतील दोष

चूक नेहमी वैमानिकाचीच असते असे नाही. बोनान्झाच्या व्ही-आकाराच्या शेपटीची काही विमाने हवेतच मोडली आणि १९८७ मध्ये शेपटीला बळकटी देणे सक्तीचे झाले. सेसनाच्या अनेक नमुन्यांत आसन रुळावरून मागे सरकण्याचा दोष होता. उड्डाणाच्या क्षणी आसन मागे गेले की वैमानिक सुकाणू धरून राहतो आणि नाक सरळ वर जाते. त्यावरही १९८७ मध्ये तपासणीचा आदेश निघाला. खटल्यांचा व विम्याचा बोजा वाढल्याने १९८६ मध्ये थांबलेले सेसना १७२ चे उत्पादन उत्पादकांची जबाबदारी मर्यादित करणाऱ्या १९९४ च्या अमेरिकी कायद्यानंतर, १९९६ मध्ये पुन्हा सुरू झाले. १७२ ची आजवर ४४,००० हून अधिक विमाने बनली आहेत, आणि तिच्या प्राणघातक अपघातांचे प्रमाण हलक्या विमानांच्या सरासरीपेक्षा कमी आहे.

भारतातील सर्वांत दुःखद उदाहरण एचपीटी-३२ दीपक या प्रशिक्षण विमानाचे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या या विमानात इंजिन हवेत बंद पडण्याचे प्रकार वारंवार घडले आणि इंजिनाविना ते फार कमी तरंगत असे. १७ अपघातांत १९ वैमानिक गमावल्यानंतर, ३१ जुलै २००९ च्या मेडक जिल्ह्यातील अपघातापाठोपाठ त्याचे उड्डाण थांबवले गेले. इतकी वर्षे हा दोष सहन करायला नको होता.

२३ जून १९८० रोजी दिल्लीत संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना यांचा मृत्यू झाला, तो पिट्स एस-२ए या कसरतीच्या विमानात, कमी उंचीवर. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगोत प्रशिक्षण उड्डाणावरील सेसना १७२ आणि बोइंग ७२७ यांची टक्कर होऊन १४४ जण दगावले. व्यावसायिक आणि शिकाऊ वाहतूक एकाच धावपट्टीवर चालणाऱ्या सांबऱ्यासारख्या विमानतळावर रेडिओवरील शिस्त किती मोलाची, हे त्यावरून कळते.

चौकशी

भारतात २०१२ पासून विमान अपघातांची चौकशी विमान अपघात अन्वेषण विभाग करतो. त्याचा हेतू दोषी ठरवण्याचा नसून कारण शोधण्याचा असतो. म्हणून पडलेल्या किंवा शेतात उतरलेल्या विमानाचे भाग, माणसांना बाहेर काढण्यापुरते वगळता, हलवता येत नाहीत. इंधनाचा कॉक कोणत्या टाकीवर होता, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) किती उघडे होते, इंजिनाने फिरणाऱ्या पंख्याच्या पात्याची टोके कशी वाकली आहेत, यांवरून इंजिन जमिनीला लागताना फिरत होते की थांबलेले होते हे ठरते. पाते मागे सरळ वाकलेले असेल तर इंजिन बहुधा निर्जीव होते. पुढे पिळवटलेले, काठावर आडवे ओरखडे असलेले पाते शक्ती चालू असल्याचे सांगते. गर्दीत कोणी कॉक फिरवला किंवा आठवण म्हणून तुकडा उचलला तर हा पुरावा जातो. विमानाजवळ विडी-सिगारेट पेटवू नये, कारण १००एलएल ची वाफ जमिनीलगत साचते आणि ठिणगीने भडकते.